मिरची आणि गुठळी : एका दाव्याची कागदपत्रं

बँकॉकमध्ये चाओ फ्राया नदीच्या पश्चिम काठावर सिरीराज रुग्णालय आहे. ते १८८८ साली सुरू झालं. या रुग्णालयात वैद्यकीय शाखेच्या काही निरोगी विद्यार्थ्यांना एकदा तांदळाच्या नूडल्स खायला दिल्या. १६ जणांच्या २०० ग्रॅम नूडल्समध्ये ताज्या वाटलेल्या मिरचीचे दोन चमचे कालवलेले होते. ४ जणांना तशाच नूडल्स मिळाल्या, पण मिरचीविना. खाण्याआधी आणि खाल्ल्यानंतर सर्वांचं रक्त तपासलं गेलं. मिरची खाल्लेल्यांच्या रक्ताची गुठळी विरघळवण्याची क्षमता जवळजवळ लगेच वाढली आणि सुमारे अर्ध्या तासात पुन्हा होती तिथे आली. बिनमिरचीच्या चौघांमध्ये असा फरक दिसला नाही.

मिरचीनं रक्ताच्या गुठळ्या विरघळतात असं आज जिथे जिथे ऐकू येतं, तिथून मागे मागे जात राहिलं की या वीस वाडग्यांपाशी येऊन थांबावं लागतं. हृदयविकाराचा झटका आल्यावर तिखटाचं गरम पाणी पाजा, मिनिटाभरात झटका थांबेल, असं सांगणारे संदेश फोनवरून फिरतात. सांगणारा बहुधा मनापासून सांगत असतो. म्हणूनच हा दावा हसण्यावारी न नेता त्याची कागदपत्रं एकेक करून उलगडावीत असं मला वाटलं. त्यांत काय लिहिलंय आणि काय लिहिलेलं नाही, हे दोन्ही बघायला हवं.

आधी तो काळ समजून घेऊ. गुठळी विरघळवणारं काही स्वयंपाकघरात सापडेल का, याचा शोध घेणारं सिरीराज हे एकटं नव्हतं. १९६६ साली लखनौच्या डॉक्टरांनी तुपातेलाच्या जेवणानंतर कांदा खाल्ला तर रक्तात काय बदल होतात हे तपासून ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये छापलं होतं. दोनच वर्षांनी इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या आय. एस. मेनन आणि सहकाऱ्यांचा कांद्यावरचाच एक छोटा लेख ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. त्याचा उगम मोठा लोभसवाणा आहे. फ्रान्समध्ये घोड्याच्या पायात गुठळी झाली की त्याला कांदा-लसूण चारतात, असं एका रुग्णानं त्यांना सांगितलं होतं, आणि मेनन यांनी ते उडवून न लावता तपासून पाहिलं. पुढे उदयपूरच्या अरुण बोर्डिया यांनी लसणावर वर्षानुवर्षं काम केलं. लोक जे म्हणतात ते नळीत घालून बघायचं, ही वृत्ती त्या पिढीत होती. मला ती फार मोलाची वाटते.

सिरीराजच्या डॉ. सुकोन विसुद्धिफन यांच्यापुढचा प्रश्नही असाच रोजच्या पाहण्यातून आला होता. पाश्चात्त्य देशांत पायाच्या शिरांमध्ये गुठळी होणं आणि ती सुटून फुफ्फुसात जाणं ही नेहमीची भीती. थाई रुग्णांत ती क्वचित दिसे. थाई माणूस तर दिवसातून अनेकदा मिरची खातो. ‘प्रिक की नू’ म्हणजे उंदराच्या लेंडीएवढी छोटी मिरची, ती माशाच्या खारात घालून ताटाशी असतेच, आणि नूडल्सच्या गाडीवरही तिखटाची वाटी असते. (मिरची तिथेही पाहुणीच. दक्षिण अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या वाटेनं ती आशियात आली. मुंबईकडे तिला ‘गोवाई मिरची’ म्हणत, ते याच वाटेची खूण सांगणारं नाव.)

१९८२ साली विसुद्धिफन आणि तीन सहकाऱ्यांचा लेख ‘अमेरिकन जर्नल ऑफ क्लिनिकल न्यूट्रिशन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी ८८ थाई माणसांच्या रक्ताची तुलना थायलंडमध्ये राहणाऱ्या ५५ गोऱ्या अमेरिकनांच्या रक्ताशी केली होती. थाई लोकांच्या रक्तात गुठळी विरघळवण्याची क्षमता जास्त आढळली आणि गुठळीचा कच्चा माल असलेलं फायब्रिनोजेन कमी. मिरची दिवसातून अनेक वेळा पोटात जाते, दर वेळी ही क्षमता थोडा वेळ उसळी घेते, आणि वारंवारच्या या उसळीमुळे थाई लोकांचं गुठळ्यांपासून रक्षण होत असावं, असा त्यांचा तर्क. ‘होत असावं’ इतकंच. गुठळी झालेल्या एकाही रुग्णाला मिरची देऊन त्याची गुठळी गेली, असं या कागदात कुठे नाही.

त्यांनी मोजलं काय, हे नीट कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रक्त साकळताना फायब्रिन नावाच्या धाग्यांचं जाळं विणलं जातं आणि रक्तपेशी त्यात अडकतात. जखम भरून आली की हे जाळं सोडवण्याची सोयही शरीरातच आहे. प्लाझ्मिन नावाचं विकर ते धागे तोडतं. प्लाझ्मिन रक्तात निद्रिस्त रूपात फिरत असतं आणि त्याला जागं करणारे पदार्थ रक्तवाहिनीच्या अस्तरातून सुटतात. ही सोय किती तत्पर आहे हे पाहण्याची जुनी चाचणी अशी : रक्तातला प्लाझ्मा पातळ करायचा, थोडा आम्लधर्मी करायचा, मग तळाशी जो साका बसतो तो वेगळा काढायचा. त्या साक्यात धाग्यांचा कच्चा माल आहे, निद्रिस्त प्लाझ्मिन आहे, त्याला जागवणारे पदार्थही आहेत. त्याला आवर घालणारे बरेचसे घटक मात्र मागेच राहतात. हा साका पुन्हा विरघळवून त्याची नळीत गुठळी करायची आणि घड्याळ लावून बसायचं. ती विरघळायला साधारण दोन ते चार तास लागतात. वेळ कमी भरला तर क्षमता जास्त.

म्हणजे विरघळली ती काचेच्या नळीतली गुठळी, तीही आवर घालणारे घटक काढून टाकल्यावर. हृदयाच्या धमनीत फुटलेल्या चरबीच्या थरावर बसलेली, बिंबिकांनी (म्हणजे प्लेटलेट्सनी) घट्ट विणलेली गुठळी हे वेगळं प्रकरण आहे. विसुद्धिफन यांना हे अर्थातच ठाऊक होतं. त्यांच्या लेखाचा मथळासुद्धा मिरची आणि ही क्षमता यांच्यातल्या ‘संबंधा’विषयी बोलतो. उपचार हा शब्द तिथे नाही.

तुलनेतही एक अडचण होती. थाई आणि गोरे अमेरिकन यांच्यात फरक फक्त मिरचीचा नाही. ताटातली चरबी, वजन, अंगमेहनत, सगळंच निराळं. त्यात आणखी एक गोष्ट होती, जी १९८२ साली जगात कुणालाच ठाऊक नव्हती. १९९४ साली नेदरलँड्समधल्या लायडन शहरात रोगिएर बर्टिना यांच्या गटाला रक्त साकळवणाऱ्या पाचव्या घटकातला एक जनुकीय बदल सापडला. ज्यांच्यात तो असतो त्यांच्या शिरांमध्ये गुठळी होण्याची शक्यता वाढते. युरोपीय वंशाच्या शंभरातल्या सुमारे पाच जणांत हा बदल आढळतो. पुढल्या वर्षी ‘लान्सेट’मध्ये त्याचा जगभरचा आढावा आला, तेव्हा आग्नेय आशियाच्या मूळ रहिवाशांत तो जवळजवळ नाहीच असं दिसलं. थाई लोकांत गुठळ्या कमी का, या प्रश्नाच्या उत्तराचा एक तुकडा इथे सापडला, आणि त्याचा मिरचीशी काही संबंध नव्हता. १९८२ च्या लेखकांना यासाठी दोष देणं अन्यायाचं होईल. त्या लेखाला आज पुरावा म्हणून नाचवणाऱ्यांनी मात्र १९९४ साल विसरू नये.

तरीही नूडल्सचा प्रयोग शिल्लक राहतोच. तिथे दोन्ही बाजूंना थाई विद्यार्थीच होते. एकच खाणं, फरक फक्त दोन चमच्यांचा. मग ती अर्ध्या तासाची उसळी आली कुठून? मला या सगळ्या शोधात सर्वांत जास्त गुंतवून ठेवलं ते या प्रश्नानं. उत्तराचे धागे मिरचीशी संबंध नसलेल्या जुन्या कागदांत सापडतात.

स्कॉटिश शल्यविशारद जॉन हंटर यांचा रक्तावरचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १७९४ साली निघाला. पळवून पळवून मारलेल्या जनावरांचं आणि वीज पडून मेलेल्यांचं रक्त साकळत नाही, अशी त्यात नोंद आहे. कारण त्यांना सांगता आलं नाही. ते हळूहळू स्पष्ट झालं ते विसाव्या शतकात. आर. जी. मॅकफार्लेन यांनी १९३७ साली दाखवलं की शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या रक्तातली गुठळी विरघळवण्याची क्षमता वाढते. १९४७ साली मॅकफार्लेन, रोझमेरी बिग्ज आणि एका सहकाऱ्यानं लिहिलं की दमवणारा व्यायाम केला किंवा ॲड्रेनॅलिनची सुई दिली तरी तसंच होतं, आणि ते थोडाच वेळ टिकतं. शरीराला घाला पडल्यासारखं वाटलं की रक्तवाहिन्यांच्या अस्तरातला साठा सुटतो, तो हा.

आता मिरचीकडे परत येऊ. तिचा तिखटपणा म्हणजे कॅप्सेसिन. हे नाव १८७६ साली जॉन थ्रेश यांनी दिलं. हा रेणू जिभेवर आणि आतड्यात नेमकं काय करतो ते १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत उलगडलं आणि त्यासाठी २०२१ चं नोबेल पारितोषिक त्यांना आर्देम पटापुटियन यांच्यासह मिळालं. चटक्याची वर्दी देणारी जी मज्जातंतूंची कडी खऱ्या उष्णतेनं उघडते, तीच कॅप्सेसिन उघडतं. शरीराला ते भाजल्यासारखंच वाटतं. ऐंशीच्या दशकात क्योटो विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांना कॅप्सेसिन दिलं तेव्हा त्यांच्या अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन स्रवलं.

हे तीन कागद शेजारी ठेवले की सिरीराजच्या उसळीचा एक सरळ अर्थ लागतो. हा माझा तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे, पण मला तो पटतो. दोन चमचे वाटलेली मिरची खाल्ल्यावर विद्यार्थ्यांना घाम फुटला असणार, नाक-डोळे वाहिले असणार, छातीचे ठोके वाढले असणार. ठेच्याचा पहिला घास जरा मोठा घेतलेल्या कुणालाही हे सांगायला नको. शरीरानं भाजल्याची हाक ऐकली, ॲड्रेनॅलिन सुटलं आणि अस्तरातला साठा थोडा बाहेर आला. जिना धावत चढूनही तसंच घडलं असतं. मिरचीत गुठळी विरघळवणारं वेगळं औषध आहे असं मानण्याची यात गरजच पडत नाही, आणि अर्ध्या तासात सगळं ओसरलं याचाही उलगडा होतो.

दुसरी एक वाट बिंबिकांची आहे. विरघळवणं आणि गोळा होऊ न देणं यांत बोलताना नेहमी गल्लत होते, म्हणून ही वाट वेगळी सांगतो. तैवानच्या संशोधकांनी १९८४ साली आणि कॅनडातल्या कॅलगरीच्या होगाबोम व वॉलेस यांनी १९९१ साली कॅप्सेसिन थेट नळीतल्या बिंबिकांवर घालून पाहिलं. बिंबिका एकमेकींना चिकटणं कमी झालं, आणि कॅलगरीच्या लेखानुसार त्याचा मज्जातंतूंशी संबंध नव्हता. हा खरा, वेगळा गुणधर्म आहे. ॲस्पिरिनही काम करतं ते गोळा होऊ न देण्याचंच, झालेली गुठळी ते विरघळवत नाही. प्रश्न मात्रेचा येतो. बँकॉकच्याच चुलालोंगकोर्न विद्यापीठातल्या गटानं २००९ साली निरोगी माणसांना ५ ग्रॅम मिरची दिली. तिच्यात सुमारे २६.६ मिलिग्रॅम कॅप्सेसिन होतं. प्लाझ्मात ते जास्तीत जास्त चढलं तेव्हा एका मिलिलिटरमध्ये २.४७ नॅनोग्रॅम होतं, आणि दीड तासात मोजता येणार नाही इतकं उतरलं. बिंबिकांवरच्या नळीतल्या प्रयोगांत वापरलेलं प्रमाण याच्या शेकडो ते हजारो पट असतं. तितकं कॅप्सेसिन रक्तात येईल एवढी मिरची कुणी खाऊ शकत नाही.

हे सगळं प्रयोगशाळेतलं. मग मिनिटाभरात झटका थांबवणारं तिखटाचं पाणी आलं कुठून? त्याची वंशावळ सिरीराजपेक्षा खूप जुनी आहे आणि ती अमेरिकेत सापडते.

न्यू हॅम्पशायरचा सॅम्युएल थॉमसन (१७६९–१८४३) शेतकऱ्याचा मुलगा, डॉक्टरी न शिकलेला. सगळे आजार थंडीनं होतात, शरीरातली ऊब परत आणली की माणूस बरा होतो, अशी त्याची धारणा. त्या काळचे डॉक्टर रुग्णाचं रक्त काढत, पारा पाजत. त्यापुढे थॉमसनची पद्धत लोकांना दयाळू वाटली असेल तर नवल नाही. १८१३ साली त्यानं आपल्या पद्धतीचं अमेरिकी पेटंट घेतलं. त्याच्या औषधांना क्रमांक असत. पहिल्या क्रमांकाला ओकारी आणणारी लोबेलिया ही वनस्पती होती, दुसऱ्याला लाल मिरची. त्याआधी, १८०९ साली, त्याच्या हाताखाली एक रुग्ण दगावल्यावर मॅसॅच्युसेट्समध्ये त्याच्यावर खुनाचा खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. या खटल्याचा निकाल तिथल्या कायदेग्रंथांत आजही वाचायला मिळतो. गुठळीचा विचार थॉमसनच्या मनात नव्हता, त्याला ऊब हवी होती.

थॉमसनपंथी वनौषधींची परंपरा विसाव्या शतकात युटा राज्यातल्या जॉन क्रिस्टोफर यांच्यापर्यंत पोचली. ‘स्कूल ऑफ नॅचरल हीलिंग’ हा त्यांचा ग्रंथ १९७६ सालचा. कपभर गरम पाण्यात चमचाभर तिखट घालून पाजलं की हृदयविकाराचा झटका काही मिनिटांत थांबतो, असं ते सांगत. त्यासाठी मोजलेल्या रुग्णांची नोंद, तुलनेचा गट, हृदयाचा आलेख यांपैकी काहीही त्यांनी पुढे ठेवलं नाही. १९८३ साली ते वारले. सिरीराजचा लेख त्याच्या आदल्याच वर्षी आला होता. पुढे ‘द फूड फार्मसी’ (१९८८) या जीन कार्पर यांच्या लोकप्रिय पुस्तकासारख्या लिखाणातून नूडल्सचा प्रयोग सर्वसामान्य वाचकांपर्यंत गेला, आणि दोन वेगळे प्रवाह मिसळले. क्रिस्टोफर यांच्या कपाला सिरीराजच्या नळीचा दाखला मिळाला. अर्ध्या तासाची, निरोगी विद्यार्थ्यांच्या रक्तातली उसळी आता मरणाच्या दारातल्या रुग्णावरचा उपाय होऊन बसली. मूळ कागद न वाचता दाखला देण्याची सवय किती महागात पडू शकते, ते इथे दिसतं.

गुठळी खरोखर विरघळवणाऱ्या औषधाचा इतिहासही कागदांतच आहे. १९३३ साली विल्यम टिलेट आणि आर. एल. गार्नर यांना दिसलं की घशात संसर्ग करणारे काही स्ट्रेप्टोकोकस जिवाणू फायब्रिनचे धागे विरघळवतात. त्यातून स्ट्रेप्टोकायनेज आलं. १९५८ पासून ते हृदयविकारात वापरलं जात होतं, पण खात्री पटायला १९८६ उजाडलं. त्या वर्षी इटलीच्या ‘गिसी’ चाचणीनं ११ हजारांहून अधिक रुग्णांचा हिशेब मांडला. औषध दिलेल्यांत २१ दिवसांत १०.७ टक्के मृत्यू, न दिलेल्यांत १३ टक्के. लक्षणं सुरू झाल्यापासून तासाभरात औषध मिळालेल्यांचे मृत्यू तर ४७ टक्क्यांनी घटले. १९८८ च्या ‘आयसिस-२’ चाचणीत १७,१८७ रुग्ण होते. स्ट्रेप्टोकायनेज आणि ॲस्पिरिन दोन्ही मिळालेल्यांत ५ आठवड्यांत ८ टक्के मृत्यू, दोन्ही न मिळालेल्यांत १३.२ टक्के. दावा किती माणसांच्या जिवावर पारखला गेला, हे या आकड्यांतून कळतं.

याच सुमारास आलेलं अल्टेप्लेज हे औषध म्हणजे रक्तवाहिनीच्या अस्तरातून सुटणारा तोच पदार्थ, टीपीए, कारखान्यात तयार केलेला. झणझणीत घासानंतर शरीर बहुधा जे किंचित सोडतं, तेच. हृदयविकारात त्याची पूर्ण मात्रा १०० मिलिग्रॅमपर्यंत जाते. माणसाच्या सगळ्या प्लाझ्मात एका वेळी जेवढं टीपीए असतं, त्याच्या ही मात्रा काही हजार पट भरते. मिरचीची उसळी आणि खरं औषध यांत एवढं अंतर आहे.

रोज तिखट खाणाऱ्यांना दीर्घकाळात काही लाभ होतो का, हा प्रश्न निराळा आहे आणि त्याचं उत्तर मिरचीला बऱ्यापैकी अनुकूल दिसतं. चीनमधल्या ४,८७,३७५ लोकांच्या अभ्यासात (‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’, २०१५) आठवड्यातले सहा-सात दिवस तिखट खाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण क्वचित खाणाऱ्यांपेक्षा १४ टक्क्यांनी कमी आढळलं. इटलीतल्या मोलिसे प्रांतात २२,८११ जणांवर केलेल्या २०१९ च्या अभ्यासात आठवड्यातून चारहून अधिक वेळा मिरची खाणाऱ्यांत ते २३ टक्क्यांनी कमी होतं. हे लोक मिरचीमुळेच जास्त जगले असं मात्र या अभ्यासांवरून म्हणता येत नाही, आणि ते लिहिणाऱ्यांनीही तसं म्हटलेलं नाही.

उलट बाजूचाही एक कागद आहे. २०१२ साली तुर्कस्तानच्या डॉक्टरांनी एका २५ वर्षांच्या तरुणाची हकिकत छापली. वजन उतरवायला तो तिखटाच्या गोळ्या घेत होता आणि त्याला हृदयविकाराचा झटका आला. हृदयाच्या धमनीला पेटका आला असावा, असा डॉक्टरांचा निष्कर्ष. एका रुग्णावरून नियम बनत नाही. पण मिरचीनं ॲड्रेनॅलिन उसळतं हे लक्षात घेतलं, तर आधीच घुसमटलेल्या हृदयाला चमचाभर तिखट पाजणं निरुपद्रवी मानता येणार नाही.

वाचकहो, सिरीराजच्या डॉक्टरांनी लोकांच्या ताटातली गोष्ट नळीत घालून पाहिली आणि जेवढं दिसलं तेवढंच लिहिलं. त्यांचा मान राखायचा असेल तर त्यांच्या नावावर न लिहिलेलं खपवू नका. ठेचा, चटणी, तिखटाची आमटी आवडीनं खा. पण घरात कुणाच्या छातीत कळ आली, दरदरून घाम फुटला, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात शिरलं, तर मिरचीचा डबा शोधण्यात एक मिनिटही घालवू नका. त्याच क्षणी १०८ ला फोन करा.